केसगळतीचं कारण रक्तात सापडलं

केस विरळ होत चाललेल्या बाईला सल्ले मागावे लागत नाहीत. मला घरात, दुकानात, लग्नाच्या पंगतीत, इतकंच काय एसटीत शेजारी बसलेल्या बाईनंही काही ना काही सुचवलं होतं. माक्याचं तेल, जास्वंद, कांद्याचा रस हे पूर्वीपासूनचं. अलीकडं त्यात गोळ्या, पावडरी आणि रंगीत गमींची भर पडलीय. यातलं कशाचा उपयोग होतो, कुणाला होतो आणि सुरू करण्याआधी काय बघायचं असतं, हे मला या सगळ्यातून जाताना समजलं. ते जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्या ओळखीतल्या निम्म्या तरी बायका आज यातल्या कुठल्या ना कुठल्या गोळ्या घेताहेत.

मी सांगलीत मार्केट यार्डातल्या एका अडत पेढीवर हिशेबाचं काम बघते. हळद आणि बेदाणा हा आमचा व्यवहार. वय त्रेचाळीस. घरी पूर्ण शाकाहार, अंडंसुद्धा येत नाही. केस पहिल्यापासून दाट. वेणीला रबर दोन वेढ्यांत घट्ट बसायचा, तो हळूहळू तीन आणि मग चार वेढे घ्यायला लागला. न्हाणीच्या जाळीवर रोज पुंजका साचायचा, उशीवर केस, भाकरीच्या पिठात केस. भांगाच्या दोन्ही बाजूंना डोक्याची कातडी दिसायला लागली तेव्हा मात्र मी घाबरले. पेढीवर टेबलाच्या बरोबर वर ट्यूबलाइट आहे; समोर उभा राहिलेला माणूस आपल्या भांगाकडं बघतोय असं मला सारखं वाटायचं. केस जाणं ही वरवरची गोष्ट आहे असं म्हणणाऱ्यांनी त्या काळात माझ्याजवळ येऊन बसायला हवं होतं.

लेक पुण्यात शिकते. तिनं ऑनलाइन बायोटिनच्या, म्हणजे केसांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या एका ब जीवनसत्त्वाच्या, गोळ्या मागवून दिल्या, एका गोळीत 10 मिलिग्रॅम. जाऊबाईंनी त्यांच्या माहेरच्या एका मेडिकलमधून 'केस, त्वचा, नखं' असं लिहिलेली दुसरी बाटली आणली. पेढीवरचे आमचे मालक भले माणूस, ते रोज टेबलावर हिरव्या बेदाण्याची वाटी ठेवायला लागले, "वहिनी, रक्त कमी झालं असंल, खात जावा." सासूबाईंना मी आत्या म्हणते, त्यांनी हळिवाचे लाडू केले. सगळ्यांनी मायेनं दिलं आणि मी सगळं घेत गेले. नखं जरा कडक झाल्यासारखी वाटली. केस होते तसेच गळत राहिले.

दरम्यान थकवा वाढला होता. जिना चढताना धाप लागायची. म्हणून एका तपासणी पॅकेजमध्ये रक्त दिलं. हिमोग्लोबिन 12.1 आलं. बायकांत 12 च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात, त्यामुळं ज्यानं त्यानं रिपोर्ट बघून "रक्त चांगलं आहे" असंच सांगितलं. पण थायरॉइडच्या रकान्यात मात्र लाल बाण होते. टीएसएच, म्हणजे थायरॉइडला काम करायला सांगणारं संप्रेरक, अगदी खाली, आणि थायरॉइडची स्वतःची संप्रेरकं, टी-3 आणि टी-4, वर. म्हणजे थायरॉइड जास्त काम करतंय असं चित्र. थायरॉइड बिघडलं की केस जातात हे मला ठाऊक होतं, त्यामुळं एका अर्थानं बरंच वाटलं, कारण सापडलं म्हणून. गोळी सुरू करण्याआधी एकदा केसांच्या डॉक्टरांनाही दाखवावं, असं ठरवून मी मिरजेला गेले.

मिरजेला डॉक्टरांचं गाव उगाच म्हणत नाहीत. 1894 मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी तिथं मिशनचा दवाखाना काढला तेव्हापासून लांबलांबून, कर्नाटकातूनही, माणसं उपचाराला येतात. मी ज्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडं गेले त्यांनी फोनवर वेळ देतानाच सांगितलं होतं, "घरात जे जे काही घेता, गोळ्या, पावडर, काढा, तेल, सगळं पिशवीत घालून आणा. नुसती नावं सांगू नका." मी पिशवी टेबलावर रिकामी केली. त्यांनी एकेक बाटली उचलून मागचं बारीक अक्षर वाचलं. बायोटिनची बाटली हातात आल्यावर त्यांनी थायरॉइडचा रिपोर्ट पुन्हा ओढून घेतला.

"रक्त दिलं त्या दिवशी ही गोळी घेतली होती का?"

घेतली होती. रोज सकाळी चहाबरोबर घ्यायची, त्या दिवशीही घेतली होती.

त्यांनी कागदावर आकृती काढून समजावलं. बऱ्याच प्रयोगशाळांत थायरॉइडची तपासणी ज्या यंत्रावर होते, त्या पद्धतीतच बायोटिन वापरलेलं असतं. नळीत एक चिकटणारं प्रथिन असतं, स्ट्रेप्टाव्हिडिन. ते बायोटिनला पकडतं आणि त्या पकडीवर मोजणी चालते. आपल्या रक्तातच बायोटिनचा पूर आला, तर त्या जागा आधीच भरून जातात आणि यंत्र चुकीचा आकडा देतं. टीएसएच खोटं कमी दिसतं, टी-3 आणि टी-4 खोटं जास्त. अगदी माझ्या रिपोर्टसारखं. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या अन्न-औषध नियंत्रण संस्थेनं, 2017 मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. त्यात हृदयविकाराच्या झटक्यासाठी करतात त्या ट्रोपोनिन तपासणीचाही उल्लेख होता. बायोटिन भरपूर घेणाऱ्या एका रुग्णाचं ट्रोपोनिन खोटं कमी आलं आणि तो माणूस दगावला, अशी नोंद त्यांच्याकडं आली होती. हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. छातीत दुखतंय म्हणून कुणी आपल्या घरचं माणूस दवाखान्यात नेलं, आणि केसांच्या गोळीमुळं तिथला रिपोर्ट चुकला तर?

बायोटिनची रोजची गरज मोठ्या माणसाला 30 मायक्रोग्रॅम धरतात. माझ्या एका गोळीत त्याच्या तीनशेपटीहून जास्त होतं. शेंगदाणे, डाळी, तीळ, दूध यांतून ते मिळतच असतं. खरी कमतरता फार थोड्यांना होते: जन्मजात दोष असलेली बाळं, फिट्सची काही औषधं वर्षानुवर्षं घेणारी माणसं, किंवा रोज कच्च्या अंड्याचा पांढरा भाग खाणारी, कारण त्यातलं ॲव्हिडिन बायोटिनला बांधून ठेवतं. अशांना बायोटिन दिलं की केस येतात. कमतरताच नसेल, तर जास्तीच्या बायोटिननं केस वाढतात याला भरवशाचा पुरावा नाही. मॅडमनी ते बंद करून आठवडाभरानं पुन्हा रक्त द्यायला सांगितलं. टीएसएच अगदी नॉर्मल आलं. थायरॉइडचा आजार मला नव्हताच.

जाऊबाईंच्या बाटलीत अ जीवनसत्त्व, ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम होतं. तीही बाजूला ठेवायला सांगितली. केसांच्या नावानं विकली जाणारी काही द्रव्यं जास्त झाली तर केसच गळतात, हे मला तोवर कुणी बोललं नव्हतं. अ जीवनसत्त्व जास्त झालं की केस जातात, सेलेनियम जास्त झालं की केस आणि नखं दोन्ही. 2008 मध्ये अमेरिकेत एका पातळ सप्लिमेंटमध्ये चुकून लेबलपेक्षा 200 पट सेलेनियम पडलं. दोनशेच्या वर माणसं आजारी झाली आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचे केस गळाले. माझ्या बाटलीत इतकं काही नव्हतं. पण दोन-तीन बाटल्या एकावेळी चालू असल्या की बेरीज कोण करतं? लेबलवर 'हेल्थ सप्लिमेंट' आणि 'नॉट फॉर मेडिसिनल यूज' असं छापलेलं होतं, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचलं. आपल्याकडं या गोष्टी अन्नसुरक्षेच्या कायद्याखाली, एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेकडं येतात. औषधाला जसं गुण येतो हे सिद्ध करून दाखवावं लागतं, तसं यांना लागत नाही.

मग केसांची तपासणी. त्यांनी चिमटीत पन्नासेक केस धरून मुळापासून टोकापर्यंत हलकेच ओढले. असं करताना दहातला एखादा केस आला तर ठीक, माझे बरेच जास्त आले. निघालेल्या केसांच्या मुळाशी पांढरा बारीक ठिपका होता, मला वाटलं मूळच उपटून आलं. तसं नसतं. तो विश्रांतीला गेलेला केस. डोक्यावरचे पंच्याऐंशी ते नव्वद टक्के केस कुठल्याही वेळी वाढीच्या अवस्थेत असतात, ती दोन ते सहा वर्षं चालते. बाकीचे विश्रांतीत असतात आणि सुमारे तीन महिन्यांनी गळतात. त्यामुळं रोज पन्नास ते शंभर केस जाणं नेहमीचंच. शरीराला धक्का बसला की, म्हणजे मोठा ताप, डेंग्यू, बाळंतपण, ऑपरेशन, उपासमारीचं डाएट किंवा लोहाचा तुटवडा, की बरेच केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदमच गळतात. म्हणून कारण आठवतच नाही. आपण गळतीच्या आठवड्यात काय खाल्लं ते शोधत बसतो आणि कारण दोन-तीन महिने मागं असतं. याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. पुढं त्यांनी मोबाइलला जोडलेल्या भिंगातून भांग दाखवला. शेजारी शेजारी जाड केस आणि अगदी लव असल्यासारखे बारीक केस. वयाबरोबर येणारं, वंशातून येणारं विरळपणही थोडं सुरू झालंय, असं त्या म्हणाल्या. माझ्या आईचा भांगही असाच रुंद झाला होता.

म्हणजे कारणं दोन होती, आणि दोन्हींचा इलाज वेगळा.

"पाळीत अंगावरून किती जातं?" असं त्यांनी विचारलं तेव्हा मला वाटलं याचा केसांशी काय संबंध. दोन-अडीच वर्षं माझी पाळी जड झाली होती. पहिले दिवस तासा-दोन तासाला पॅड बदलायला लागायचं, गाठी जायच्या. पेढीवर एकच बाथरूम, तेही मागच्या गोडाऊनजवळ, हळदीच्या पोत्यांमधून वाट काढत जायचं. वय झालं की असं होतंच, असं आमच्याकडं धरून चालतात, मीही तेच धरलं होतं. मॅडमनी चिठ्ठीवर फेरिटिन, डी जीवनसत्त्व आणि बी-12 लिहून दिलं.

फेरिटिन 9 आलं.

फेरिटिन म्हणजे शरीरात साठवून ठेवलेलं लोह. हिमोग्लोबिन म्हणजे हातातला खर्च, फेरिटिन म्हणजे बँकेतली शिल्लक. माझी शिल्लक संपत आली होती आणि खर्च कसाबसा भागत होता, म्हणून 12.1 बघून सगळे निर्धास्त होते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या निरोगी माणसात 15 च्या खाली लोहाचा तुटवडा धरते. केसांसाठी त्याहून जास्त, चाळीसच्या आसपास किंवा वर असावं, असं बरेच त्वचारोगतज्ज्ञ बघतात. त्याबद्दल त्यांच्यात एकमत नाही, हेही मॅडमनी मोकळेपणानं सांगितलं. पण 9 बद्दल कुणाचंच दुमत नसतं. ताप किंवा जंतुसंसर्ग चालू असताना फेरिटिन खोटं वर दिसतं, म्हणून सर्दी-तापात ही तपासणी करू नये, एवढं लक्षात ठेवण्यासारखं आहे. आपल्या देशात 2019 ते 21 च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयातल्या 57 टक्के बायकांना ॲनिमिया निघाला. माझ्यासारख्या, हिमोग्लोबिन जेमतेम आणि साठा रिकामा, अशा बायका त्या आकड्यात धरलेल्याच नाहीत.

बेदाण्याचं मी दुसऱ्या दिवशी मालकांना सांगितलं, तेव्हा ते जरा हिरमुसले. तासगाव-सांगलीचा बेदाणा म्हणजे आमचा अभिमान, त्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनही आहे. पण शंभर ग्रॅम बेदाण्यात लोह साधारण दोन मिलिग्रॅम असतं. मूठभर खाल्ला तर अर्धा-पाऊण मिलिग्रॅम पोटात जातं, त्यातलं थोडंच अंगी लागतं. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, 2020 च्या शिफारशीत बाईची रोजची गरज 29 मिलिग्रॅम आहे, आणि माझं तर महिन्याच्या महिन्याला वाहून जात होतं. बेदाणा चांगलाच, हळीवही चांगले. साठा भरलेला असेल तेव्हा तो टिकवायला अन्न पुरतं. रिकामा झालेला भरायला मात्र औषधच लागतं.

ते औषध म्हणजे लोहाची गोळी, फेरस ॲस्कॉर्बेट, मेडिकलमध्ये सहज मिळते, आणि त्या केसांच्या बाटल्यांच्या मानानं बरीच स्वस्त. ती घेण्यातही शिकण्यासारखं पुष्कळ आहे, म्हणून जरा थांबते. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर चहातलं टॅनिन लोह अडवतं. दूध आणि कॅल्शियमही अडवतं. लिंबू, आवळा, पेरू याचं क जीवनसत्त्व उलट मदत करतं. आता मार्केट यार्डात सौदे सुरू झाले की चहा तासातासाला फिरतो, नाही म्हटलं तरी कप समोर येतो. दिवसा गोळी घेणं शक्यच नव्हतं. मी रात्री जेवणानंतर दोन तासांनी, लिंबू पिळलेल्या कोमट पाण्याबरोबर घ्यायला लागले. आणि रोज नाही, एक दिवसाआड. हे ऐकून आत्यांना पटेना, "रोज घेतली तर लवकर भरंल की गं." पण एक गोळी घेतली की शरीरात हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि ते दिवसभर पुढच्या लोहाला दार बंद करतं. एक दिवस मध्ये सोडला की पुढची गोळी जास्त चांगली शोषली जाते, आणि पोटालाही कमी त्रास होतो. रोज घ्यायची की आड, हे ज्याच्या त्याच्या डॉक्टरनं ठरवायचं; मला आड दिली होती.

शौचाचा रंग काळा होतो, हे आधी सांगितलं होतं म्हणून घाबरले नाही. बद्धकोष्ठ झालं. त्यावर रात्री भिजवलेले अंजीर, भरपूर पाणी आणि सकाळचं चालणं, गणपती मंदिरापासून आयर्विन पुलापर्यंत आणि परत. तळव्यांना घाम फुटेपर्यंत चालायचं, एवढंच डोक्यात. आत्यांना थायरॉइडची गोळी चालू आहे आणि त्यांनाही माझ्याबरोबर लोह सुरू करायचं होतं. त्यांचं रक्त तपासल्याशिवाय नाही, असं मी ठाम सांगितलं. लोह आणि थायरॉइडची गोळी यांत निदान चार तासांचं अंतर लागतं, नाहीतर थायरॉइडची गोळी अंगी लागत नाही. आणि लोह गरज नसताना घेतलं तर ते शरीराबाहेर टाकायची सोय शरीराकडं नाही, साठत राहतं. ही गोळी कुणी शेजारणीच्या सांगण्यावरून सुरू करू नये, हे मी अगदी कळकळीनं लिहिते. घरात लहान मूल असेल तर बाटली उंच कपाटात ठेवावी, लहान मुलांना लोहाच्या गोळ्यांनी जिवावर बेतणारी विषबाधा होते.

लोह भरायचं आणि पाळीतली रक्ताची गळती तशीच ठेवायची, याला अर्थ नव्हता. मॅडमनी स्त्रीरोगतज्ज्ञांकडं पाठवलं. सोनोग्राफीत गर्भाशयात लहान गाठ निघाली, फायब्रॉइड. ऑपरेशनची गरज नव्हती. पाळीच्या जड दिवसांत रक्तस्राव कमी करायची गोळी दिली आणि लक्ष ठेवायचं ठरलं. पुढच्या पाळीत मी पेढीवर दिवसभर निवांत बसू शकले. माझ्या मते माझ्या केसांवरचा सर्वांत मोठा उपचार हाच.

डी जीवनसत्त्व 14 निघालं. दिवसभर ट्यूबलाइटखाली बसणाऱ्या बाईचं दुसरं काय निघणार. 60,000 युनिटची पुडी आठवड्यातून एक, आठ आठवडे, दुधातून. ही पुडी रोजची नसते. ओळखीतल्या एका काकूंनी रोज घेतली आणि कॅल्शियम वाढून दवाखान्यात पडल्या. बी-12 कमी होतं, घरात दूध-दही असलं तरी आमच्यासारख्या घरांत ते कमी निघतंच. त्याच्या गोळ्यांनी पायाच्या मुंग्या थांबल्या. केसांसाठी त्याचा फार भरवसा धरू नका, असं मॅडमनीच सांगितलं होतं, आणि मला त्यांचं हे वागणं फार आवडलं. जे कशासाठी आहे ते त्यासाठीच.

प्रथिनांचा हिशेब मी माझ्या पद्धतीनं, वहीत मांडला. किलोमागं रोज साधारण 0.83 ग्रॅम लागतात. माझं वजन 56, म्हणजे सेहेचाळीस-सत्तेचाळीस ग्रॅम. माझ्या ताटात सकाळी पोहे, दुपारी डब्यात भाकरी आणि वांग्याची किंवा दोडक्याची भाजी, रात्री आमटी-भात. बेरीज तीसच्या आसपास अडकायची. केस मुख्यतः केराटिन या प्रथिनाचाच बनलेला असतो, आणि शरीराला प्रथिन कमी पडलं की ते आधी महत्त्वाच्या अवयवांना पुरवतं. केसांचा नंबर शेवटी. मग डब्यात मटकीची किंवा मुगाची उसळ, भाकरीबरोबर शेंगदाण्याची आणि कारळ्याची चटणी, रात्री ताटात वाटीभर घट्ट दही, आठवड्यातून दोनदा पनीर. पावडर घ्यावी लागली नाही. केराटिन पावडर खाल्ली तर ते थेट केसात जाऊन बसतं असं नाही. पोटात त्याचे तुकडेच होतात, जसे डाळीतल्या प्रथिनांचे होतात. कोलॅजेन या दुसऱ्या प्रथिनाचंही तेच, शिवाय ते बहुधा मासे किंवा गुरांपासून काढतात, ही गोष्ट शाकाहारी घरांनी लेबलवर बघून घ्यावी.

मग बाकीच्या गोळ्यांचं काय? सगळंच खोटं आहे असं मी म्हणणार नाही. भोपळ्याच्या बियांच्या तेलाचा कोरियात 2014 मध्ये एक अभ्यास झाला, 76 पुरुषांवर, रोज 400 मिलिग्रॅम, चोवीस आठवडे. केसांची संख्या घेणाऱ्यांत सरासरी 40 टक्के वाढली, नुसती नकली गोळी घेणाऱ्यांत 10 टक्के. पण त्या कॅप्सूलमध्ये इतरही घटक होते आणि अभ्यास लहान आहे. ओमेगा-3, ओमेगा-6 आणि अँटिऑक्सिडंट देऊन 120 बायकांवर सहा महिन्यांचा एक अभ्यास आहे, त्यातही दाटपणा थोडा वाढला. यावरून मी रोज चमचाभर जवसाची चटणी आणि थोड्या भोपळ्याच्या बिया खाते, खाण्यातल्याच वस्तू आहेत, नुकसान काही नाही. झिंक मात्र रक्त तपासून, कमी असेल तरच. मोठ्या माणसाला रोज 40 मिलिग्रॅमच्या वर सतत गेलं तर तांबं कमी पडायला लागतं. सॉ पाल्मेटो, म्हणजे एका ताडवर्गीय झाडाच्या फळांचा अर्क, संप्रेरकांवर काम करतं, दिवस राहण्याची शक्यता असलेल्या बायकांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

आता केसांचं. लोह सुरू केल्यावर पहिले दोन महिने काहीच फरक नव्हता आणि मन खचत होतं. थकवा आधी गेला, धाप लागायची थांबली. तिसऱ्या महिन्याच्या शेवटाला न्हाणीच्या जाळीवरचा पुंजका लहान झाला. मग कपाळाच्या कडेला, कानाच्या वर, बोटाच्या पेराएवढे केस उभे राहायला लागले. तेल लावलं तरी बसायचे नाहीत. पार्लरवाली म्हणाली केस तुटलेत. मी जवळून आरशात बघितलं, टोकं निमुळती होती. तुटलेल्या केसाचं टोक बोथट असतं. नवीनच होते ते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळं खांद्याला यायला दोन-अडीच वर्षं, वेणीचा जाडपणा त्याच गतीनं. फेरिटिन पुढच्या तपासणीत 38 आलं, त्यानंतर पन्नासच्या पुढं. तेव्हा गोळीचा नेम थांबवून, ठराविक महिन्यांनी तपासायचं ठरलं, कारण पाळी बंद होईपर्यंत तुटवडा परत येऊ शकतो.

टाळूवरचा भांग मात्र लोहानं भरला नाही. जाड-बारीक केस शेजारी शेजारी दिसले होते तो भाग. तिथं सप्लिमेंटचं काम नव्हतंच. त्यासाठी मिनॉक्सिडिल लावते, मूळचं रक्तदाबाचं औषध. त्यानं केस वाढतात हे रुग्णांत दिसल्यावर ते डोक्याला लावायचं झालं, आणि अमेरिकेत 1988 मध्ये त्याला मान्यता मिळाली. सुरुवातीला काही आठवडे गळती वाढते, चार ते सहा महिने धीर धरावा लागतो, आणि थांबवलं की मिळालेलं हळूहळू जातं. गरोदर बाईनं वापरायचं नाही. हे सगळं ऐकून, विचार करून, मी सुरू केलं. भांग पूर्वीसारखा झाला नाही, पण रुंदी वाढायची थांबली आणि आता ट्यूबलाइटखाली बसताना मी त्याचा विचार करत नाही.

दिवाळीत लेक आली तेव्हा तिला घेऊन बसले. तिचेही केस उशीवर दिसत होते आणि तिच्या पर्समध्ये तीच बायोटिनची बाटली होती. होस्टेलवर सकाळचा नाश्ता चुकतो, दुपारी वडापाव, चहा दिवसातून चार-पाच वेळा. तिला बाटली बंद करायला लावून आठवडाभरानं सांगलीतच रक्त दिलं, लॅबमधल्या मुलीला बायोटिन कधीपासून बंद आहे ते स्वतःहून सांगितलं. तिचं थायरॉइड व्यवस्थित आहे. हिमोग्लोबिन 11.6, फेरिटिन 11. आता तिच्या कपाटात लोहाची गोळी आहे, एका कागदावर तिला चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं आणि मात्रा लिहून मोबाइलच्या कव्हरमागं घालून दिलीय, आणि तीन महिन्यांनी, उन्हाळ्याच्या सुट्टीआधी, पुन्हा तपासायचं आहे.